दातवणाचा मागोवा

दातवण हा शब्द देऊळगाव राजाच्या गल्ल्यांतून आता फारसा कानी पडत नाही. सत्तरी ओलांडलेल्या एखाद्या बाईला विचारावे, तर ती क्षणभर थांबते आणि तिला आपल्या आजेसासूचे काळेभोर दात आठवतात. तिच्या नातीला विचारावे, तर ती न्हाणीघरातल्या फळीवरच्या ट्यूबकडे बोट दाखवते. आणि संस्कृत जाणणाऱ्याला विचारले, तर तो सांगतो की हा शब्द ‘दंतपवन’ या जुन्या शब्दातून, प्राकृतातल्या ‘दंतवण’मधून आपल्याकडे आला आहे. दंतपवन म्हणजे दात शुद्ध करणारी काडी. एका शब्दाने काडी, काळी पूड आणि विस्मरण असा हा प्रवास केला. विदर्भाच्या पश्चिम टोकाला, मराठवाड्याच्या शिवेवर बालाजीच्या देवळाभोवती वसलेल्या या गावात सकाळी दात घासण्याची जेवढी साधने आजही सापडतात, तेवढी शतके त्यांच्या मागे उभी आहेत. ती शतके आपण जरा सावकाश चालून पाहू.

पहिला मुक्काम फार लांब नाही. बुलढाणा जिल्ह्यातून जी अजिंठ्याची डोंगररांग जाते, तिच्याच कुशीत अजिंठ्याची लेणी आहेत. इसवी सनापूर्वी दुसऱ्या शतकापासून तेथे भिक्खूंचा वास होता, आणि भिक्खूचा दिवस विनयाच्या नियमांनी बांधलेला असे. विनयपिटकातल्या चुल्लवग्गात दात घासण्याच्या काडीवर एक लहानसे पण मोठे रंजक प्रकरण आहे. काडी न वापरल्याने डोळ्यांना अपाय होतो, तोंडाला दुर्गंधी येते, चव कळेनाशी होते, कफ-पित्त अन्नावर चढते आणि अन्न गोड लागत नाही, असे पाच तोटे तेथे सांगितले आहेत आणि म्हणून बुद्धाने काडीची अनुज्ञा दिली. पुढे काही द्वाड भिक्खू लांबलचक काड्या वापरू लागले आणि त्या काड्यांनीच श्रामणेरांना, म्हणजे शिकाऊ भिक्खूंना, बडवू लागले, तेव्हा नियम झाला की काडी आठ अंगुळांहून लांब नसावी. मग एकाने इतकी आखूड काडी घेतली की ती घशात अडकली, तेव्हा दुसरा नियम झाला की ती चार अंगुळांहून आखूड नसावी. दोन नियम आणि त्यांमागे घडलेल्या दोन घटना. दात घासण्याच्या सवयीचा इतका जिवंत, इतका जुना दाखला आपल्या शेजारच्या डोंगरात राहणाऱ्या माणसांच्या आचारग्रंथात मिळावा, याचे मला फार अप्रूप वाटते.

वैद्यांनी मात्र काडी लांब केली. सुश्रुताने बारा अंगुळे लांब, करंगळीएवढी जाड, सरळ, बिनगाठीची, कीड न लागलेली ताजी काडी सांगितली. चवीप्रमाणे झाडेही वाटून दिली : कडूत कडुनिंब श्रेष्ठ, तुरटात खैर, गोडात मोह आणि तिखटात करंज. चरकाने करंज, कण्हेर, रुई, चमेली, अर्जुनसादडा आणि असाणा यांची नावे घेतली आणि दिवसातून दोन वेळा दात घासायला सांगितले. वाग्भटाने तर वेळाही नेमून दिल्या : सकाळी, आणि जेवणानंतर. त्याने घातलेली आणखी एक अट मला सर्वांत मोलाची वाटते. काडी अशी फिरवावी की हिरड्यांना इजा होऊ नये. आजचा दंतवैद्य रुग्णाच्या हातून ब्रश घेऊन हेच दाखवत असतो. अपचन, ओकारी, दमा, खोकला, ताप, तोंड येणे अशा अवस्थांत काडी वर्ज्य होती. आणि दात झाले की जिभेची पाळी येई. सोन्याची, रुप्याची, तांब्याची किंवा लाकडाची वाकलेली पट्टी घेऊन जीभ खरवडायची. तोंडाचा वास बहुतांशी जिभेच्या मागच्या भागावर साचणाऱ्या थरातल्या जंतूंमुळे, त्यांनी तयार केलेल्या गंधकयुक्त वायूंमुळे येतो, हे विज्ञानाला अगदी अलीकडे कळले. कारण ठाऊक नसतानाही जागा मात्र या वैद्यांनी अचूक हेरली होती.

वैद्यांच्या मागोमाग ज्योतिषी आणि धर्मशास्त्री आले. सहाव्या शतकात वराहमिहिराने बृहत्संहितेत दंतकाष्ठावर स्वतंत्र अध्याय लिहिला. कोणत्या झाडाच्या काडीने कोणते फळ मिळते आणि वापरून फेकलेली काडी कशी पडली तर शुभ, याचा त्यात विचार आहे. स्मृतिकारांनी तिथी पाहिल्या. अमावास्या, प्रतिपदा, षष्ठी, नवमी, श्राद्धाचा आणि उपवासाचा दिवस अशा वेळी काडी नको म्हणाले, पण तोंड अस्वच्छ ठेवा असे मात्र म्हणाले नाहीत. अशा दिवशी बारा चुळा भराव्यात, अशी सोय त्यांनी लावून दिली. महामहोपाध्याय पां. वा. काणे यांनी १९४१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या धर्मशास्त्राच्या इतिहासाच्या दुसऱ्या खंडात हा सारा दंतधावनविधी मोठ्या साक्षेपाने मांडला आहे. स्मृतींत असेही एक मत आहे की काटेरी झाडे पुण्याची आणि चिकाची झाडे यशाची. वऱ्हाडातल्या माणसाला हे मत सोयीचे पडले असावे, असे मला वाटते. मोह आणि असाणा डोंगरात, पण काळ्या मातीच्या बांधावर उभी असते ती बाभूळ. सुश्रुताने तिला श्रेष्ठ चौघांत बसवले नाही. तरी शेतावर निघालेल्या आपल्या पूर्वजाने वाटेतल्या बाभळीची किंवा लिंबाची काडी मोडली, टोक चावून कुंचा केला आणि चालता चालता दात घासले. ग्रंथाची काडी आणि बांधावरची काडी अशा या दोन परंपरा शेजारी शेजारी चालत राहिल्या.

याच काळात एका परदेशी माणसाने ही सवय बारकाईने पाहिली. चिनी भिक्खू इत्सिंग ६७१ मध्ये चीनमधून निघाला, नालंदेत वर्षानुवर्षे राहिला आणि ६९५ मध्ये मायदेशी परतला. भारतातल्या भिक्खूंचा आचार त्याने लिहून ठेवला, त्यात दातांच्या काडीला एक अख्खे प्रकरण दिले. लांबी बारा अंगुळे, कमीत कमी आठ, जाडी करंगळीएवढी. एक टोक सावकाश चावायचे, दात घासायचे, मग तीच काडी फोडून वाकवायची आणि जीभ खरवडायची, शेवटी चूळ भरून ती धुऊन टाकायची. भारतात दातदुखी विरळा दिसते आणि त्याचे कारण ही काडी, असे त्याचे निरीक्षण होते. आपल्या देशबांधवांचा एक गैरसमजही त्याने दूर केला. चीनमध्ये या काडीला विलोची डहाळी समजत, पण भारतात विलो फारसा नाही आणि नालंदेत आपण ज्या झाडाची काडी रोज वापरली ते झाड विलो नव्हते, असे त्याने आवर्जून नोंदवले.

देऊळगावाहून जालना ओलांडून पश्चिमेला गेलो की देवगिरी लागते. तेराव्या शतकात यादवराजा महादेव आणि त्याच्यामागून रामदेवराव यांच्या पदरी हेमाद्री पंडित श्रीकरणाधिप, म्हणजे राजदप्तराचा प्रमुख, होता. आपण त्याला देवळांच्या बांधणीमुळे ओळखतो. त्याच हेमाद्रीने वाग्भटाच्या अष्टांगहृदयावर ‘आयुर्वेदरसायन’ नावाची टीका लिहिली. वाग्भटाच्या काडीचा विचार अशा रीतीने मराठी मुलखाच्या राजधानीत पुन्हा तपासला गेला. त्याआधी शतकभर, कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याने मानसोल्लासात राजाच्या भोगांचे वर्णन करताना तांबूलभोगाला स्वतंत्र स्थान दिले होते. विड्याकडे आपण आज शौक म्हणून पाहतो, पण त्याचा जन्म मुखशुद्धीत आहे. चरकाने तोंड स्वच्छ आणि सुगंधी राहावे म्हणून जायफळ, लवंग, कंकोळ, वेलदोडा, कापूर आणि नागवेलीचे पान तोंडात धरायला सांगितले होते. सुपारीही त्या यादीत होती. ती पुढे किती महाग पडणार आहे, हे त्या वेळी कोणाच्या ध्यानात येण्यासारखे नव्हते. आजही जेवणानंतर पाहुण्यापुढे बडीशेप ठेवणारे घर त्याच यादीमागची रीत पाळत असते.

काडीबरोबर पूडही जुनीच. सुश्रुताने मध, सुंठ-मिरी-पिंपळी, तेल आणि सैंधव यांनी दात घासायला सांगितले आहे. पण घरोघरची पूड निराळी होती. गोवरीची राख वस्त्रगाळ करून त्यात मीठ घातले की राखुंडी झाली. कोणी लाकडी कोळसा कुटला, कोणी विटेचा चुरा घेतला. राखेने दात पांढरे दिसत, कारण ती घासण्याबरोबर दातांवरचे कवचही थोडे थोडे उतरवत असे. चाळिशीनंतर गार पाण्याने दात शिवशिवायला लागत त्यामागे बऱ्याचदा हीच राखुंडी आणि हाच कोळसा असे. आणि याच पुडीच्या कुळात दातवण जन्मले, म्हणजे ज्या अर्थाने ते आपल्या आजेसासूंना ठाऊक होते त्या अर्थाने. हिरडा आणि हिराकस यांची पूड दातांवर बसवली की दात काळे पडत. हिरड्यातला तुरटपणा आणि हिराकशीतले लोह एकत्र आले की काळा रंग तयार होतो. जुन्या काळी दौतीतली शाईही अशा मिश्रणाची करत. सुवासिनीने दातवण लावावे, ते तिच्या सौभाग्याचे लेणे, आणि नवरा गेला की कुंकवाबरोबर दातवणही गेले. काडीचे नाव असे पुडीला चिकटले आणि स्वच्छतेच्या साधनाने शृंगाराचे रूप घेतले. उत्तरेत बायकांचे दात काळे करणाऱ्या मिस्सीची ही दक्षिणेतली बहीण होती.

आता आपण त्या वळणावर येतो जेथे ही हकीकत अंधारात शिरते. देऊळगावापासून जवळच सिंदखेड राजा आहे. तेथे १२ जानेवारी १५९८ रोजी लखुजी जाधवांच्या घरी जिजाऊंचा जन्म झाला. त्यांच्या बालपणाच्या त्याच वर्षांत दख्खनच्या बाजारात पोर्तुगीजांनी आणलेली एक नवी वनस्पती शिरत होती. अकबराचा वकील असद बेग विजापूरच्या दरबारातून १६०४ च्या सुमारास परतला, तेव्हा त्याने बादशहापुढे तंबाखू आणि रत्नजडित चिलीम ठेवली. हिंदुस्थानात असे काही आपण पूर्वी पाहिले नव्हते, असे त्याने लिहिले. जहांगीराने १६१७ मध्ये तंबाखूला मनाई केली, पण तोवर पीक रुजले होते. पुरुषांनी ती ओढली, चुन्याशी मळून खाल्ली. बायकांना चिलीम ओढणे शोभत नसे. त्यांच्यापर्यंत तंबाखू पोचली ती दात घासण्याच्या निमित्ताने. तंबाखूची पाने तव्यावर काळी होईतो भाजायची, कुटून पूड करायची, बोटावर घेऊन दात-हिरड्यांवर फिरवायची. हीच मशेरी, कोठे मिस्री. हिचे नावही मिस्सीच्या घराण्यातले वाटते आणि रंगही तोच, काळा. दातवणाची जागा तिने हळूच घेतली. दातवण महिन्यामहिन्याने लावले तरी चाले. मशेरी सकाळी लागे, मग दुपारी, मग रात्री झोपण्यापूर्वी, मग शेतात खुरपताना कमरेच्या डबीतून. दुखरा दात बधिर करते म्हणून आईने मुलीला दिली, बाळंतिणीला दिली. ज्या घरात बाईने विडी ओढली असती तर आकांत झाला असता, त्या घरात तव्यावर तंबाखू भाजल्याचा उग्र वास रोजचा झाला. मी या साऱ्या इतिहासातली सर्वांत दुःखाची गोष्ट हीच मानतो. हजारो वर्षे जपलेल्या एका चांगल्या सवयीच्या ओसरीतून व्यसन घरात आले, आणि सवय चांगली असल्यामुळे त्याला कोणी अडवले नाही.

इकडे हे चालले असताना तिकडे हॉलंडमध्ये कापडाचा एक व्यापारी आपल्या दातांवरचा पांढरा थर भिंगाखाली पाहत होता. अँटनी व्हॅन लेव्हेनहूक याने सप्टेंबर १६८३ मध्ये, म्हणजे आपल्याकडे छत्रपती संभाजी महाराजांची कारकीर्द चालू असताना, त्या थरात वळवळणारे सूक्ष्म जीव पाहिल्याचे पत्र लंडनच्या रॉयल सोसायटीला लिहिले. आपण रोज सकाळी मिठाने दात घासतो, हेही त्याने त्यात सांगितले. जंतू पाहणारा पहिला माणूसही मीठच वापरत होता. त्या जंतूंचा आणि किडीचा संबंध स्पष्ट व्हायला १८९० उजाडले. विलोबी मिलर याने दाखवले की तोंडातले जंतू पिष्ट आणि साखरेपासून आम्ल तयार करतात आणि ते दात पोखरते. ब्रश त्याआधीच चीनमध्ये जन्मला होता. इंग्लंडात विल्यम ॲडिस याने १७८० च्या सुमारास हाडाची मूठ आणि जनावराचे राठ केस घेऊन तो कारखान्यात करायला सुरुवात केली. चित्रकारांच्या रंगांसाठी जॉन रँड याने १८४१ मध्ये चुरगळणारी धातूची ट्यूब काढली, १८९२ मध्ये वॉशिंग्टन शेफील्ड या दंतवैद्याने तीत दातांची मलई भरली आणि १८९६ मध्ये कोलगेटने तीच वाट धरली. १९३७ मध्ये कोलगेट-पामोलिव्हची भारतीय कंपनी मुंबईत नोंदली गेली. पण ब्रश आपल्या घरात सहज शिरला नाही. मूठ हाडाची, केस डुकराचे. हिंदू आणि मुसलमान दोन्ही घरांत तो तोंडात घालणे अशक्य होते. २४ फेब्रुवारी १९३८ रोजी अमेरिकेत नायलॉनच्या केसांचा ब्रश बाजारात आला. आपल्या गावांच्या दृष्टीने मला ही तारीख ट्यूबेच्या जन्मतारखेहून महत्त्वाची वाटते, कारण ब्रशवरचा विटाळ नायलॉनने पुसला.

काडीचा मान मात्र इतक्यात गेला नव्हता. १९३० मध्ये येरवड्याच्या तुरुंगात गांधीजींसोबत काका कालेलकर होते. गांधीजींनी त्यांना सांगितले, की लिंबाची काडी वापरून झाली म्हणून फेकू नका. चावलेले टोक कापा आणि उरलेली उद्या वापरा. झाडे आवारातच होती, काड्यांना तोटा नव्हता, तरीही. कालेलकरांनी ही आठवण लिहून ठेवली आहे. मशिदीबाहेर विकायला येणारी पिलूच्या झाडाची मिसवाकही रोज टोक कापून अशीच पुरवून वापरली जाते.

काडी आणि ट्यूब यांच्या मधल्या जागेत मंजन उभे राहिले, आणि विदर्भाचा त्यात मोठा वाटा आहे. नागपूरचे विठोबा दंतमंजन आपल्या भागातल्या कितीतरी घरांनी पिढ्यान्‌पिढ्या वापरले. मुंबईच्या नोगी कंपनीची माकडछाप काळी पूड खेडोपाडी पोचली. केशव विष्णू पेंढारकर यांनी १९५२ मध्ये मुंबईत परळला विको सुरू केली आणि आयुर्वेदातल्या वनस्पतींचे चूर्ण डब्यात भरले. चूर्णाचे वज्रदंती हे नाव त्यांनी एका झुडपावरून घेतले. आपल्या कुंपणाला फुलणारी काटेरी पिवळी कोरांटी ती हीच. पुढे या चूर्णाला औषध म्हणायचे की सौंदर्यप्रसाधन, यावर अबकारी खात्याशी वाद झाला आणि तो वर्षानुवर्षे चालून सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. तेथे निकाल कंपनीच्या बाजूने लागला. दात घासणे हा उपचार आहे की शृंगार, हा हिराकशीच्या काळातला प्रश्न अशा रीतीने विसाव्या शतकात न्यायाधीशांपुढे गेला होता.

मशेरीचा हिशेबही याच काळात पुढे आला. टाटा मूलभूत संशोधन संस्थेतल्या फली मेहता आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पुणे जिल्ह्यातल्या १,०१,७६१ गावकऱ्यांची तोंडे तपासली आणि १९७२ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. तंबाखूच्या सवयी आणि तोंडातले कर्करोगपूर्व चट्टे यांचे नाते या अभ्यासांनी आपल्याच माणसांच्या तोंडात दाखवून दिले. ३० एप्रिल १९९२ रोजी केंद्र सरकारने तंबाखू असलेल्या दंतमंजनांवर आणि टूथपेस्टवर बंदी घातली, १९९७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती उचलून धरली. २०१२ च्या जुलैत महाराष्ट्राने गुटख्यावर बंदी आणली. पण कायदा दुकानातल्या डबीपर्यंत पोचतो. चुलीवरच्या तव्यापर्यंत त्याचा हात जात नाही, आणि मशेरी आजही तव्यावरच होते.

या लांब रस्त्याच्या आजच्या टोकाला देऊळगावातले घर उभे आहे. मुलांच्या हातात नायलॉनचा ब्रश आहे, पेस्टमध्ये फ्लोराइड आहे. विदर्भातल्या काही भागांत जमिनीखालच्या पाण्यात फ्लोराइड इतके जास्त आहे की दातांवर पिवळे-तपकिरी डाग पडतात. पण पेस्टमधले बेताचे फ्लोराइड दातांवर राहिले, तर कीड रोखते. म्हणून आपल्या एका जुन्या सवयीला येथे मुरड घालावी लागेल. काडीनंतर आपण चूळ भरत होतो. पेस्टनंतर फेस थुंकावा आणि खळखळून चूळ भरणे टाळावे, नाहीतर औषध पाण्याबरोबर मोरीत जाते. जेवणानंतरची चूळ मात्र सोडू नये. लहान मुलाच्या ब्रशवर पेस्ट वाटाण्याएवढीच, त्याहून लहान बाळाला तांदळाच्या दाण्याएवढी. जिभेसाठी तांब्याची पट्टी चरकाच्या काळाइतकीच आजही चालते. रात्री झोपण्यापूर्वीचे घासणे सकाळच्यापेक्षा अधिक गरजेचे, कारण झोपेत लाळ कमी सुटते आणि जंतूंना मोकळे रान मिळते.

आणि घरात अजून मशेरीची डबी असेल, तंबाखूची तपकीर किंवा तंबाखूचाच गुडाखू दातांना लावला जात असेल, तर ती लावणाऱ्या आईला, सासूला, आजीला रागावू नका. तिला ती दात घासायची वस्तू म्हणूनच मिळाली होती. सकाळच्या उजेडात तिला अंगणात बसवा आणि तोंड उघडायला सांगा. गालाच्या आत पांढरा किंवा लाल चट्टा दिसला, दोन आठवड्यांत न भरलेली जखम दिसली, तोंड पूर्वीइतके उघडत नसेल, तर त्याच आठवड्यात तिला दंतवैद्याकडे घेऊन जा.